ठासणीची बंदूक आणि मधले पाच दिवस

डॅलसच्या बाहेर एका उपनगरात माझी मामेबहीण राहते. तिच्याकडे गेलो असताना ती आम्हांला देवळात घेऊन गेली. दाराशी दोन पाट्या होत्या. एक आपली नेहमीची, पादत्राणे येथे काढावीत. तिच्या शेजारची इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, ठळक अक्षरांत: टेक्सासच्या दंडसंहितेच्या कलम ३०.०६ नुसार परवानाधारकाने पिस्तूल लपवून आत आणू नये. खाली कलम ३०.०७, उघड लावूनही आणू नये. पाटीवरचं अक्षर निदान एक इंच उंच हवं, हेही त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पाटी नसती तर, असं मी विचारलं. "तर आणता आलं असतं," चपला कप्प्यात सरकवत ती म्हणाली. मला हसू आलं, तिला आलं नाही. तिची मुलगी शाळेत वर्षातून काही वेळा वर्गातले दिवे मालवून, भिंतीला चिकटून, श्वासाचाही आवाज न करता बसायचा सराव करते.

या मामेबहिणीचे वडील, म्हणजे माझा धाकटा मामा, तळकोकणात शेती करतो. त्याच्या घरात आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. भातात रानडुकरं उतरतात, माकडं कोवळे नारळ पाडतात, त्यासाठी. ही बंदूक उडवायची म्हणजे एक सोहळा असतो. नळीत दारू ओता, काथ्याचा बोळा गजाने ठासा, त्यावर छरे, परत बोळा, मग केप बसवा. तोवर डुक्कर वाफे उकरून रानात पसार. पण मामाचं गाऱ्हाणं बंदुकीविषयी नाही, परवान्याविषयी आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, परत हातात पडेपर्यंत पीक डुकरांचं. "बंदूक मिळूक एक जन्म, ती राखूक दुसरो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

म्हणजे माझ्या बहिणीने लहानपणापासून घरात बंदूक पाहिलेली आहे. तिला बंदुकीचं भय नाही. बंदूक अमेरिकेत किती पटकन मिळते, याचं आहे. अमेरिकेतल्या बंदुकीच्या वादावर मी बरंच वाचलं, पण मला या वादाचं टोक सापडलं ते तिच्या या "पटकन" शब्दात.

इथून, म्हणजे पुण्या-मुंबईतून, बघणाऱ्याला तो सगळा वाद वेडेपणाचा वाटतो. एवढी पोरं मरतात, मग बंदुका काढून का घेत नाहीत? ते होणार नाही, हे आधी मान्य करून टाकावं. २०१७ च्या स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, तो दाखला प्रत्येक चर्चेत येतो. पण साडेसहा लाख आणि ३९ कोटी हा फरक नुसता आकड्याचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत बंदुकीचा हक्क नव्हता. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून दुसरी दुरुस्ती आहे. इंग्रजीत अवघे सत्तावीस शब्द: शिस्तबद्ध नागरी फौज स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेला आवश्यक असल्याने लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा भंग होऊ नये. पहिला अर्धा खरा की दुसरा, यावर दोनशे वर्षं खल झाला. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हा हक्क फौजेचा नाही, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणाऱ्या एकेका माणसाचा आहे. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हेही लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. दुसरं एका बाजूला अजिबात आठवत नाही.

आता मेलेल्यांकडे बघू. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. टीव्हीवर आपण बघतो ते शाळेतले, मॉलमधले गोळीबार. सॅंडी हुक, २०१२: वीस मुलं, सहा मोठी माणसं. युवाल्डी, २०२२: एकोणीस मुलं, दोन शिक्षिका. व्हर्जिनिया टेक, २००७: बत्तीस जण, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. ही नावं विसरता येत नाहीत आणि विसरूही नयेत. पण त्या ४६,७०० मध्ये सगळे सामूहिक गोळीबार मिळून फार छोटा भाग आहेत. ज्या एआर-१५ जातीच्या रायफलींवर सगळी भाषणं होतात, त्या धरून सर्व प्रकारच्या रायफलींनी होणारे खूनही पिस्तुलाने होणाऱ्या खुनांपुढे किरकोळ. आणि खून सगळे मिळून अठरा हजारांच्या आत. उरलेल्यांत २७ हजारांहून अधिक माणसं स्वतःच्या हाताने गेली. घरात, बहुतेकदा एकटी, बहुतेक पुरुष, कितीतरी म्हातारे. त्यांच्यासाठी कोणी मेणबत्ती मोर्चा काढत नाही.

बंदूक-नियंत्रणवाल्यांवर माझा पहिला आक्षेप हाच आहे. त्यांनी लढाई रायफलीच्या आकारावर लावली. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत 'असॉल्ट वेपन'वर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर, बंदी होती, ती परत आणा, असं ते वीस वर्षं म्हणताहेत. ती आली तर मी विरोध करणार नाही. पण मूठ कशी आहे आणि नळीला काय बसवता येतं यावर आखलेल्या कायद्याने, रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात एकटा बसलेला बासष्ट वर्षांचा माणूस वाचत नाही.

तो कशाने वाचतो? वेळ गेल्याने. ऐकायला साधं वाटतं, पण आत्महत्येच्या अभ्यासकांनी हे पुन्हापुन्हा दाखवलंय: जीव देण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते, आणि प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. दुसऱ्या संधीला जागाच न ठेवणारं साधन हाताशी असलं तर मात्र ते वाचतच नाहीत. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली नियम बदलला, आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या शिपायांनी रायफल तळावरच ठेवायची. त्यानंतर तरुण शिपायांच्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्या. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली आणि तिथला आत्महत्यांचा दर कोसळला. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, गोठ्यात कोणती बाटली होती यावर पेशंट जगतो की नाही हे किती अवलंबून असतं. कर्ज, दुष्काळ, भांडण ही कारणं खरीच. पण कारण आणि मरण यांच्यामध्ये हाताच्या अंतरावर काय आहे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळं देता येतं.

अमेरिकेने ते एकदा दिलं होतं. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी डोक्यात गोळी लागून कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा व्हायला १९९३ उजाडलं. रेगन स्वतः नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेचे सभासद, त्यांनीही १९९१ मध्ये त्याला जाहीर पाठिंबा दिला. या कायद्याने दोन गोष्टी आणल्या: गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी, आणि पिस्तूल हातात पडण्याआधी कामकाजाचे पाच दिवस. पण कायदा होतानाच तडजोड झाली होती की संगणकावरची झटपट तपासणी तयार झाली की पाच दिवस जातील. नोव्हेंबर १९९८ मध्ये ते गेले. आता दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार केंद्राकडे विचारणा करतो, आणि बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलंच नाही तर दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक अशीच मिळाली होती. म्हणजे मुदत राहिली, पण ती गिऱ्हाइकावर नाही, सरकारवर.

त्या पाच दिवसांचा काही उपयोग झाला का, हे लुडविग आणि कुक या दोन अभ्यासकांनी २००० साली तपासलं. खून कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. नियंत्रणवाले हा निष्कर्ष फारसा सांगत नाहीत. पण पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांच्या बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या मात्र घटल्या होत्या. पुढे २०१७ च्या एका अभ्यासात, वेगवेगळ्या राज्यांच्या चाळीसेक वर्षांच्या नोंदी ताडून, प्रतीक्षेच्या मुदतीमुळे बंदुकीचे खूनही कमी होतात असं दिसलं. खुनांविषयी वाद चालू राहो. त्या म्हाताऱ्यांविषयी मला तरी वाद दिसत नाही.

बंदुकीच्या बाजूच्या संघटनांनी गेल्या पन्नास वर्षांत नेमकं काय मिळवलं, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्यांनी वेळ काढून टाकला. बंदुका तर आधीही होत्याच. १९७७ पूर्वीची रायफल असोसिएशन प्रामुख्याने नेमबाजांची आणि शिकाऱ्यांची होती, १९६८ च्या संघीय बंदूक कायद्यातला बराच भाग तिने निमूट सोसला होता. १९७७ च्या सिनसिनाटीच्या अधिवेशनात कट्टर गटाने ती ताब्यात घेतली आणि मग जिथे जिथे थांबावं लागतं ते ठिकाण त्यांनी हेरून काढलं. २०२४ पर्यंत एकोणतीस राज्यांत लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागेनासा झाला.

याचं सर्वांत विलक्षण रूप बघायचं तर वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाचं गाव आहे. गुन्ह्यात सापडलेली बंदूक पहिल्यांदा कोणी विकत घेतली हे शोधणारं देशाचं केंद्र तिथे आहे. १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई केली, त्यामुळे बंद पडलेल्या दुकानांच्या चोपड्या खोकी भरभरून तिथे येतात, त्यांची छायाचित्रं काढली जातात, पण नाव टाकून शोधता येईल असा संगणक मात्र वापरायचा नाही. कर्मचारी पानामागून पान डोळ्यांनी चाळतात. मध्यंतरी कागदांचं वजन जमिनीला पेलेना, म्हणून खोकी बाहेर वाहनतळावर मालवाहू कंटेनरांत ठेवली होती. विकत घेणाऱ्याला काही मिनिटं, आणि खुनाचा माग काढणाऱ्याला दिवसचे दिवस. आपल्याकडच्या तलाठी कार्यालयाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा हे बघावं. तिथला विलंब बेफिकिरीचा असतो. हा कायद्याने नेमून दिलेला आहे.

इथवर मी एका बाजूने बोललो. आता मामाच्या बाजूने बोलायला हवं, कारण मामाची बाजूही आहे.

परवाना आला की परवाना देणारा हात आला. तो हात कोणाचा? इंग्रजांनी १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा आणला, त्यात हिंदी माणसाला परवाना लागे आणि युरोपियनांना सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव होत. एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहास ब्रिटिशांचं सर्वांत काळं कृत्य मानेल, असं गांधीजींनी म्हटलं होतं. अमेरिकेतले बंदूकवाले हे वाक्य मोठ्या प्रेमाने वापरतात. ते सैन्यभरतीच्या पत्रकातलं होतं, हे सोडून. १९३१ च्या कराची ठरावात नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे, नियमांच्या अधीन राहून. म्हणजे हा विचार आपल्याला परका नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आजच्या काळात आग्रह धरायचा तो शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा, हक्काचा नव्हे, आणि सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारांना त्यातून वगळायला राज्याला वावच राहणार नाही. मला ते पटतं. पण हक्क न लिहिल्यामुळे मामाची बंदूक साहेबाच्या मर्जीवर राहिली, हेही खरं.

अमेरिकेत त्या मर्जीचा रंग गोरा होता. १९५६ साली मॉंटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. १९६७ साली ब्लॅक पॅंथर्स या काळ्यांच्या लढाऊ संघटनेचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, तेव्हा उघडपणे भरलेली बंदूक बाळगायला बंदी घालणारा कायदा लगोलग झाला. त्यावर सही गव्हर्नर रेगन यांची होती. २०२२ च्या ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांपूर्वीचा परवाना कायदा मोडीत काढला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ते उजव्यांचं यश म्हणून छापलं. पण तो कायदा जावा म्हणून न्यायालयात म्हणणं मांडणाऱ्यांत ब्रॉंक्समधल्या गरीब आरोपींचे वकीलही होते. त्यांचे अशील बहुतेक काळे. मॅनहॅटनमधल्या वजनदार माणसाला परवान्यासाठी लागणारं "योग्य कारण" दाखवता येई, यांना येत नसे, यांना तुरुंग.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत टोचते. २०१५ साली न्यू जर्सीत एका स्त्रीने, पूर्वीच्या जोडीदाराच्या भीतीने, पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला. कायद्याने तीस दिवसांत निकाल द्यायला हवा होता. तीस दिवस उलटून गेले. परवाना यायच्या आत त्याने तिला तिच्याच घराच्या अंगणात भोसकून मारलं. तिच्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. असा आदेश अमलात आणायला पोलीस घटनेने बांधील नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कोलोरॅडोच्या एका खटल्यात सांगून टाकलेलं आहे. पोलीस बांधील नाहीत आणि पिस्तूलही नाही, मग तिने काय करायचं, हा प्रश्न टाळून बंदूक-नियंत्रणावर लिहिणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही.

माझं उत्तर असं. वेळ असावा, मर्जी नसावी. मुदत सगळ्यांना सारखी, दिवस कायद्यात मोजून लिहिलेले, ते संपले की अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावं नाहीतर बंदूक द्यावी. ज्या माणसाकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे त्याला मुदत लागू नसावी. आणि ज्याच्याविरुद्ध तो आदेश आहे त्याच्याकडून बंदूक काढून घ्यावी. या शेवटच्या मुद्द्यावर २०२४ मध्ये रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा कौल दिला. खालच्या न्यायालयाने तर उलटा निकाल दिला होता, कारण ब्रूएनने घालून दिलेल्या कसोटीप्रमाणे आजच्या कायद्याला जुन्या इतिहासातला दाखला लागतो, आणि अठराव्या शतकात बायकोला धमकावणाऱ्याची बंदूक काढून घ्यायचा कायदा कोणी केला नव्हता.

इतिहासच हवा असेल तर १७९१ ची बंदूक बघा ना. ती मामाच्या बंदुकीची आजी होती. दारू, बोळा, गोळी, गज. एक बार काढला की दुसऱ्याला निदान पंधरा-वीस सेकंद, तीही तरबेज हातांना. दुसरी दुरुस्ती लिहिणाऱ्यांना थांबण्याचा कायदा लिहायची गरज नव्हती, थांबणं नळीतच ठासलेलं होतं.

आणि हे राजकारणात अशक्य आहे असंही नाही. हवाईत चौदा दिवस थांबावं लागतं, कॅलिफोर्नियात दहा. ही डेमोक्रॅट राज्यं, म्हणून सोडून देऊ. पण फ्लोरिडात २०१८ साली पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मेल्यावर तीन दिवसांची मुदत रायफलींनाही लागू झाली आणि एकवीस वर्षांची अट आली, ती रिपब्लिकन विधिमंडळाने मंजूर केली, रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली. चार वर्षांनी युवाल्डीत त्या मुलाने अठरावा वाढदिवस झाल्यावर आठवड्याच्या आत दोन रायफली विकत घेतल्या, दुकानातून, कायदेशीर. टेक्सासमध्ये मुदत नव्हती. आजही नाही.

न्यू हॅम्पशरमध्ये, जिथे बंदुकीचे कायदे ढिलेच आहेत, २००९ साली एका दुकानदाराच्या कानावर आलं की त्याच्या दुकानातून आठवड्याभरात तिघांनी वेगवेगळी पिस्तुलं नेली आणि काही तासांतच स्वतःला संपवलं. त्याने विक्रीच्या वेळच्या नोंदी आणि चित्रण काढून पाहिलं, तिघेही साधे दिसत होते. हा माणूस बंदूकविरोधी मुळीच नव्हता. तो सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांबरोबर बसला, इतर दुकानदारही आले, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला आज परत पाठवावं याविषयी ते एकमेकांशी बोलू लागले. बंदूक हाताळण्याचे दहा नियम अमेरिकेत प्रत्येक नवशिक्याला घोकवतात. या दुकानदारांनी गल्ल्याजवळ लावलेल्या पत्रकात अकरावा नियम घातला: घरातलं कोणी खचलेलं वाटत असेल तर बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवा.

माझ्या बहिणीने तो नियम वाचलेला नाही. पण मुलीला कोणाकडे खेळायला पाठवण्याआधी ती त्या घरी फोन करते, कुत्रा आहे का, पोहायचा तलाव आहे का असं विचारता विचारता तिसरा प्रश्न टाकते. पलीकडच्या गल्लीतल्या बाईने त्यावर जराही राग न मानता सांगितलं होतं, "दोन आहेत. तिजोरीत. काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली नवऱ्याकडे." बहिणीने मुलीला पाठवलं, आणि तासाभराने आणायला स्वतः गेली.